बसायची मुभा

मी साडीच्या दुकानातलं निळं प्लास्टिकचं स्टूल बोलतोय. कारखान्यातून टेम्पोत चढलो तो थेट लातूरच्या बाजारात उतरलो. मालक अण्णारावांनी मला काउंटरबाहेर ठेवलं, गिऱ्हाइकांसाठी. काउंटरच्या आतल्या बायांनी मात्र दिवसभर उभंच राहायचं. तसं कुणी कधी सांगितलं नव्हतं, तरी सगळ्या पाळत होत्या. सगळ्यांत जुन्या नागाबाई तर गुडघाही उभ्यानंच चोळायच्या.

मग कामाला अयोध्या आली. कंधारकडची, नवं लग्न झालेली. दिवस गेले, पोट दिसायला लागलं, तशी तिची पावलं सुजू लागली. एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. तिनं मला आत ओढलं आणि बसली. कितीतरी माणसं माझ्यावर बसून गेली, पण असा सुस्कारा कुणाचा ऐकला नव्हता.

"ऊठ गं," नागाबाई कुजबुजल्या. "मालक बघून राहिले."

"गिऱ्हाईक कुठं हाय, मावशी? पाय लई ठणकून राहिले."

अण्णाराव गल्ल्यावरून उठून आले. आवाज चढवला नाही. उलट हसले. "काय नागाबाई, तुम्हाला पण स्टूल आणू का?"

"न्हाई मालक. आमाला सवय हाय."

"बाकीच्यांना?"

एकेक मान खाली गेली. याच बाया डबा खाऊन झाल्यावर एकमेकींच्या पायाला मलम लावायच्या! माझा नुसता जळफळाट झाला.

"त्यांचं ऱ्हाऊ द्या," अयोध्या म्हणाली. "मला बसावं लागतं. मी बसणार."

"मग घरीच बस."

तिनं डबा उचलला. दारापर्यंत सोडायलाही कुणी गेलं नाही.

पुढं एका गिऱ्हाईक बाईनं सगळ्यांसमोर विचारलं, "त्या पोटुशा पोरीला बसली म्हणून हाकललं म्हणे?" अण्णाराव ओशाळले. त्यांनी स्वतः मला उचलून आत ठेवलं. "बसा गं, जिला बसायचं तिनं. मी कुठं अडवतो?"

मी हरखलो. पण कोणी बसेना. नागाबाई एकदा जवळ आल्या, माझ्यावर हात टेकला, गल्ल्याकडे पाहिलं. मग फडक्यानं मला पुसून काढलं आणि पुन्हा उभ्या राहिल्या.

बायांनो, तुमचं ओझं मला नाही होत गं. एकीनं तरी टेका!

काल अयोध्येच्या जागी पुनम नावाची नवी बाई आली. दमून माझ्याकडे वळली, तोच नागाबाईंनी तिचा दंड धरला.

"त्याच्यावर बसायचं न्हाई, बाई."

मालक तर काल दुकानात आलेच नव्हते.