घर विकणे आहे

नेब्रास्कातल्या ऑर्लेट गावाची एक जुनी खोड होती. कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ जिंकला की गाव म्हणायचं, ‘आपण जिंकलो.’ हरला की म्हणायचं, ‘कोच हरला.’ कोरिनचा नवरा लाइल हाच तो कोच, आणि तिला या व्याकरणाची आता शिसारी आली होती.

सप्टेंबरात लागोपाठ दोन सामने गेले आणि रविवारी सकाळी ती चर्चला जायला बाहेर पडली, तर अंगणातल्या हिरवळीवर ‘घर विकणे आहे’ असे बोर्ड उभे. रातोरात रोवलेले. कोचला तोंडावर ‘चालता हो’ म्हणायची नेब्रास्कात पद्धत नाही. त्याच्या अंगणात बोर्ड रोवतात. सभ्य माणसं ना! बाकीचे बोर्ड पुठ्ठ्यावर रंगवलेले होते, पण एक चांगला छापील, लोखंडी पायांचा होता. ‘स्टकी रिअल इस्टेट’, आणि खाली ठळक फोन नंबर. ड्वेन स्टकी हा गावातला घरांचा दलाल आणि संघाचा सगळ्यात मोठा भक्त. दुसऱ्याच्या अंगणात चोरून बोर्ड लावताना स्वतःचं नाव झाकावं एवढंही त्याला सुचलं नव्हतं. किंवा फुकटची जाहिरात सोडवली नसेल.

चर्चमध्ये हाच ड्वेन पुढच्या बाकावर बसलेला. मागे वळून त्याने कोरिनचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“मिसेस कोच, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय हं आम्ही सगळे.”

“दिसली सकाळी,” कोरिन म्हणाली. “हिरवळीवर.”

ड्वेन मनापासून हसला. इथे लाज वाटायला हवी, हे त्याच्या गावीही नव्हतं.

आणि लाइलचा गुन्हा काय? पहिल्याच सामन्यात टॅनर नोव्होत्नीच्या डोक्याला जबर मार बसला होता. टॅनर संघाचा क्वार्टरबॅक. चेंडू कुणाकडे फेकायचा ते तो ठरवणार, सगळा खेळ त्याच्या हातावर. तो उठला आणि थेट समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला. आपला संघ कुठला तेच त्याला कळेना. लाइलने त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं आणि पुढच्या सामन्यातही बसवून ठेवलं. गाव खवळलं. पोराचं जरा डोकं दुखलं तर कोच त्याला दुलईत गुंडाळतो, असं न्हाव्याच्या दुकानापासून बँकेपर्यंत सगळे बोलत होते. यातल्या एकाच्याही डोक्यावर आयुष्यात उशीपेक्षा जड काही आदळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी बोर्ड उपटता उपटता कोरिन म्हणाली, “लाइल, खरंच जाऊ या इथून.”

“आत्ता गेलो तर पळालो म्हणतील. जिंकून जाऊ.”

“आणि जिंकण्यासाठी त्या पोराला तसाच खेळवावा लागला तर?”

“डोक्याला लागलेलं पोर मी मैदानात ठेवणार नाही. अख्ख्या गावाने बोर्ड लावले तरी नाही.”

या माणसाशी आपण लग्न केलंय याचा कोरिनला त्या क्षणी फार अभिमान वाटला. पुठ्ठ्याचे बोर्ड तिने कचऱ्यात टाकले. ड्वेनचा मात्र गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यामागे ठेवून दिला.

मग टॅनर बरा होऊन परतला आणि संघ जिंकायला लागला, तो थांबेचना. ज्यांनी रात्री बोर्ड रोवले ते आता दिवसाढवळ्या चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, पातेलं आणि दालचिनीचे रोल घेऊन दारात उभे राहायला लागले. न्हाव्याने लाइलचा फोटो काचेत लावला. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी मैदानावरचे दाखले द्यायला सुरुवात केली. कोरिन रोल घ्यायची, दार लावायची आणि रोल शेजारच्या कुत्र्याला घालायची.

पण लाइल ते खात होता. कॅफेत लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, तेव्हा आधी तो मान खाली घालायचा. नोव्हेंबरात हात हलवायला लागला.

“गाव तसं वाईट नाही गं,” एकदा तो म्हणाला.

“जिंकतोयस म्हणून.”

“तू ना, मनात धरून ठेवतेस.”

“मी गॅरेजमध्ये ठेवलंय,” कोरिन म्हणाली.

अंतिम सामना डिसेंबरात, दूर दक्षिणेत होता. गाव बसगाड्या भरून गेलं. संघाच्या रंगात माणसं पिवळी, पोरं पिवळी, एकाने तर म्हातारी सासूही पिवळी रंगवून आणली होती. शेवटची काही मिनिटं उरली होती आणि ऑर्लेट थोडक्यात मागे होतं. तेवढ्यात टॅनरवर दोन आडदांड गडी आदळले. तो उठला, अंगावरचं गवत झटकलं आणि शांतपणे समोरच्या संघाच्या बाकाकडे चालायला लागला.

कोरिन जागची उठली. सप्टेंबरात झालं तेच, अगदी तस्संच.

लाइल धावत गेला. टॅनरचं शिरस्त्राण दोन्ही हातांत धरून त्याने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. कोरिनच्या मागून ड्वेन बेंबीच्या देठापासून ओरडला, “राहू दे त्याला, कोच! वाघ आहे पोरगा!” मग सगळं गाव तेच ओरडायला लागलं. आणि लाइलने मान वर करून गावाकडे पाहिलं. सप्टेंबरातल्या लाइलने पाहिलं नसतं.

“दम लागलाय फक्त,” तो धावत आलेल्या डॉक्टरला म्हणाला आणि त्याने टॅनरच्या पाठीवर थाप मारून त्याला आत पाठवलं.

टॅनरने चेंडू फेकला. टचडाउन झालं, सामना फिरला. ऑर्लेट देशात पहिलं आलं. पोरांनी विजयाच्या रिवाजाप्रमाणे बर्फाळ सरबताची अख्खी बादली लाइलच्या डोक्यावर ओतली, लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, आणि कोरिन खाली बसली. आपला नवरा हरला, आणि लोक टाळ्या वाजवताहेत, एवढंच तिला वाटत होतं.

पुढच्या रविवारी मिरवणूक निघाली आणि मिरवणुकीनंतर गाव लाइलच्या घरात घुसलं. ड्वेन शेकोटीसमोर उभा राहून भाषण ठोकत होता. कॉलेज कोचला दीर्घ करार देणार. कोचचा पुतळा उभारणार, तोही ब्राँझचा! लाइल हातात चिलीचा वाडगा घेऊन लाजत होता.

टॅनर सोफ्यावर बसला होता. त्याने हात वर केला. “कोच, फायनल कुठे आहे आपली? बस कधी निघणार?”

हास्याचा स्फोट झाला. “वा रे पठ्ठे!” ड्वेन ओरडला. “याची भूक अजून भागली नाही!”

सगळे हसले म्हणून टॅनरही हसला. मग थोडा वेळ गेला आणि त्याने पुन्हा हात वर केला. “कोच, फायनल कुठे आहे आपली? बस कधी निघणार?”

या वेळी हसू कमी झालं. लाइलचा वाडगा कलंडला आणि चिली गालिच्यावर सांडली. त्याने कोरिनकडे पाहिलं.

“सप्टेंबरात काय म्हणाला होतास?” तिने सगळ्यांदेखत विचारलं.

लाइलने आपला कोट टॅनरच्या खांद्यांवर घातला. “ऊठ बाळा. हॉस्पिटलमध्ये जाऊ.”

“आत्ता?” ड्वेन म्हणाला. “अहो कोच, तुमचं भाषण राहिलंय!”

“त्याला कळत नव्हतं, ते मला दिसलं होतं. तरी मी पाठवला.”

“पण जिंकलो ना आपण!”

लाइल दारापर्यंत गेला, थांबला. “कोरिन,” तो म्हणाला, “गॅरेजमधलं ते काढ.”

गाडी वळणाआड गेल्यावर कोरिनने फावड्यामागून बोर्ड काढला. जमीन गोठून दगड झाली होती, पण सप्टेंबरातली भोकं तिने बुजवली नव्हती. लोखंडी पाय त्यात नेमके बसले. पाहुणे ओसरीवर जमून हसायला लागले; मिसेस कोचने काय मस्त विनोद केला म्हणून दोघांनी टाळ्याही वाजवल्या.

कोरिनने बोर्डावरचा नंबर पाहून फोन लावला. ओसरीत ड्वेनचा खिसा वाजला. त्याने सवयीने फोन कानाला लावला.

“स्टकी रिअल इस्टेट, बोला.”

“बोर्ड तुम्हीच लावला होतात, ड्वेन,” कोरिन त्याच्याकडे बघत म्हणाली. “आता गिऱ्हाईकही आणा.”