थोरलीच्या फ्रिजमधली लस

एका दिवसात आमच्या सात कोंबड्या गेल्या. मान पिरगाळल्यासारखी वळायची, कोंबडी जागच्या जागी गोल फिरायची अन् आडवी व्हायची. मानमोडी.

"कुठंय ती लसवाली?" समोरच्या आजी ओरडत होत्या. "डोळ्यात लस सोडली का आडाचं पाणी?"

लसवाली म्हणजे शेजारच्या घरातली धाकटी सून. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला शिकवलेलं. कुप्या दोन ते आठ अंशांत राहायला हव्यात, म्हणून तिनं त्या थोरल्या जावेच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि दर रविवारी दहा-दहा घरं केली.

डॉक्टर सकाळीच आले. त्यांनी फ्रिजमध्ये तापमापक ठेवला.

"ठेवा की," थोरली म्हणाली. "हात घातला तर बोटं आखडतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी काढला.

आत्ता: पाच.

सगळ्यात कमी: तीन.

सगळ्यात जास्त: एकोणीस.

थोरलीला वाटलेलं, तो फक्त आत्ताचं सांगतो.

"लाइट गेली असेल."

"काल लाइट गेली नाही, ताई," डॉक्टर म्हणाले.

"मग यंत्रच खोटं!"

धाकटी मागच्या दारी गेली. थोरलीच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. अकरा. मीही कुंपणावरून मोजल्या. सबंध गल्लीत इतक्या धडधाकट कोंबड्या दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या.

"तुमच्या कोंबड्यांना मी पहिल्या दिवशी लस दिली. डॉक्टरांच्या बर्फाच्या डब्यातनं काढून, थेट. तुम्हीच म्हणालात, आधी माझ्या कर."

"घरच्या आहेत म्हणून म्हणाले."

"प्लग कधीपासून काढताय?"

"अगं, भिंतीला एकच प्लग. दिवसभर शिलाईची मोटर लावते. संध्याकाळी फ्रिज परत चालू करतेच की."

"पण मी न्यायला यायची तेव्हा कुप्या गार असायच्या."

"तू यायच्या आधी बर्फात घालायची मी." थोरलीनं पदर सारखा केला. "तुझ्या जिवाला घोर नको म्हणून."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

थोरलीनं कुंपणाकडं बघितलं.

"ठाऊक होतं, म्हणून स्वतःच्या कोंबड्या आधी करून घेतल्या."

"हळू बोल! जावाजावांतलं आहे हे. बाहेर जाता कामा नये."

धाकटी सरळ बाहेर आली आणि आजींच्या दारात उभी राहिली. आजी झाडू घेऊनच आल्या.

"आजी, मारायचं तर मारा. पण उरलेल्या तीन कोंबड्या आज डालून ठेवा, बाहेर सोडू नका. मी दिलेली लस मेलेली होती. उद्या नवी येतेय."

"पहिली कुणाच्या भरवशावर ठेवलीस गं?"

"आपल्या माणसांच्या."

आजींनी दार लावलं. धाकटी पुढच्या दारी गेली. तेही लागलं.

तिसरं दार माझं. मी सगळं ऐकलेलं, अकरा कोंबड्या मोजलेल्या. मुकाट्यानं उंबऱ्यात उभी राहिले. तिनं तेच शब्द पुन्हा सांगितले. मी मान हलवली, पण आत ये म्हटलं नाही.

ती चौथ्या दाराकडं निघाली.