कधी न लिहिलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या लाकडी चौकटीचा एक कोपरा केव्हाच उडाला आहे, पण अंगावर एक अक्षर म्हणून कधी उमटलं नाही. पूर्वी मी याचा तोरा मिरवायची. आता लाज वाटते.

मुरबाडजवळच्या गावातले निवृत्त शिक्षक शाम गुरुजी माझे मालक. म्हसा गावच्या जत्रेत त्यांनी मला घेतलं ते ठेका धरायला. लहानपणी पाद्र्यांच्या वसतिगृहात ते लॅटिन आणि इंग्रजी म्हणून म्हणूनच शिकले, आणि तसंच शिकवायचे. माझ्या चौकटीवर बोटं वाजवत "आमो, आमास, आमात" म्हणायचं, की त्याच चालीत "आय लव्ह, यू लव्ह, ही लव्हज".

डोंगरातल्या वाडीवरची जिवली बाहेरून दहावीला बसणार होती. शाळा सातवीत सुटली तेव्हा इंग्रजी अक्षरंही तिनं धड गिरवली नव्हती. पास झाली तर शहापूरला पुढचं शिक्षण, नापास झाली तर आईबरोबर वाशिंदकडची वीटभट्टी. पोरीची जीभ अशी चालायची की गुरुजींची छाती फुलून यायची. लाकडाची मोळी उतरवून तिची आई सावळी अंगणात ऐकत बसायची. "मंतर हाय का काय गो ह्यो?" ती विचारायची, आणि जिवली खुदकन हसायची.

एकदा जिवलीनं मला मांडीवर घेतलं. "गुरुजी, लिवून दावू का?"

"आधी तोंडात बसू दे," गुरुजी म्हणाले. "हातात आपोआप उतरेल."

त्यांनी मला काढून घेतलं आणि ठेका धरला. मला बरंच वाटलं. मित्रांनो, तेव्हा वाटलेला तो आनंद मला आजही खातो.

इंग्रजीचा पेपर कोराच राहिला. निकालानंतर ती आली, दाराशीच थांबली. "त्वांडात सगळा व्हता, गुरुजी. हातात नाय उतरला."

दिवाळीनंतर ते मला पिशवीत घालून भट्टीवर गेले. सोबत नवी पेन्सिलही होती. "चुकलो गं मी," ते म्हणाले. "दर रविवारी येईन. आता लिहायला शिकवतो."

जिवलीनं मला हातात घेतलं. मान खाली घालून सगळं म्हणून दाखवलं, आधी लॅटिन, मग इंग्रजी. एकही चूक नाही. मग मला परत दिलं.

"आता टाइम नाय, गुरुजी. इटा पाडायच्यात."

तिची मातीची चार बोटं माझ्यावर उमटली आहेत. गुरुजी ती पुसत नाहीत, ठेकाही धरत नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरात पाटी असेल आणि एखादी पोर "लिहू का?" म्हणाली, तर तिच्या हातात पेन्सिल द्या. लगेच द्या.