सातवा पंप

शनिवारी सकाळी वडील भंगारवाल्याच्या दुकानात तेलकट फरशीवर उकिडवे बसले होते. एका जुन्या व्हॅक्यूम पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून, डोळे मिटून, नाडी बघणाऱ्या वैद्याच्या थाटात ते ऐकत होते. मुलगी पिशवी धरून उभी होती, हसू आवरत.

“ओढतोय,” वडील म्हणाले.

“मागचाही ओढत होता, बाबा. त्याच्या आधीचाही.”

“मागच्याला दमा होता.”

“साहेब, गिऱ्हाईक ऐकतंय, हळू बोला,” भंगारवाला म्हणाला. “हा औषधांच्या कारखान्यातला आहे. एक नंबर माल.”

“मागचा प्रयोगशाळेतला म्हणून गळ्यात मारलास. निघाला फ्रिजवाल्याचा.”

“आता पंपाचा जन्मदाखला कुठून आणू?”

वडिलांची तीस वर्षं बल्बच्या कारखान्यात काचेच्या फुग्यांतली हवा काढण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांची कौतुकं करत बसतात. यांनी मागच्या खोलीत सूर्य करायला घेतला. एक पोलादी भांडं, त्यातली हवा जवळजवळ सगळी काढायची, मग चिमूटभर वायू सोडून वीज द्यायची. अणूवर अणू आदळून जोडले जाणार आणि झाकणातल्या काचेतून जांभळा उजेड दिसणार. तो एकदा बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. पण आत उरलेली हवा मोजणाऱ्या मापकाचा काटा उतरताना दर वेळी त्याच खुणेवर येऊन रुसून बसायचा. मग वडील पंपाचा उद्धार करायचे आणि पुढचा पंप शोधायला निघायचे. असे सहा झाले होते.

गळत होतं ते झाकण. त्याखाली त्यांनी तिच्या आईच्या कुकरची रिंग बसवली होती. “तिने इतकी वर्षं वाफ आत ठेवली,” ते म्हणायचे, “आता हवा बाहेर ठेवायला काय जातंय?” कारखान्यात बल्बचं तोंड ज्योतीने वितळवून बंद करत. रबराशी त्यांची कधी गाठच पडली नव्हती, त्यामुळे रबरावर संशय यायचा प्रश्नच नव्हता. त्यात ते रबर आईचं.

मुलीला मात्र वर्षभर माहीत होतं. ग्रंथालयातल्या एका पुस्तकात तिने वाचलं होतं, की असलं रबर एवढ्या निर्वातात टिकत नाही. पानात बोट ठेवून ती मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली. रिंग बदलून काटा खाली गेला तर पंप शोधायला नको, आणि पंप शोधायला नको तर शनिवारही नको. आई गेल्यापासून घरात दोघांचं बोलणं “गॅस बंद केलास?” एवढ्यावर आलं होतं. शनिवारी मात्र वडील जाता-येता तोंडाला कुलूप लावत नसत. म्हणून ती गप्प बसली आणि शहाण्यासारखी टोमणे मारत राहिली.

येताना बसमध्ये सातवा पंप वडिलांच्या मांडीवर होता. विजारीवर तेल ठिबकत होतं.

“हस तू,” ते म्हणाले. “पण काचेतून पहिली तूच बघणार आहेस.”

“तोवर माझे डोळे शाबूत राहिले तर.”

वडील खो खो हसले. पलीकडच्या बाईने नाकाला रुमाल लावला.

रविवारी दुपारी खुर्चीत पेपर वाचता वाचता ते गेले. सातवा पंप जोडायचाच राहिला.

भेटायला आलेल्या काकांनी मागच्या खोलीत डोकावून उसासा टाकला. “दादाचा सूर्य काढून टाक बाई आता. कपाट मावेल इथे.”

तिने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एकेक पंप सुरू केला, तोंडावर अंगठा दाबला आणि ऐकलं. अंगठ्याची ती लकब वडिलांकडूनच उचललेली. सातही झाल्यावर तो बुचकळ्यात पडला.

“ताई, यातला एकही खराब नाही. मग साहेब माझ्या नावाने बोटं का मोडायचे?”

“गळत झाकणाची रिंग होती.”

“अरेच्चा! त्यांना कळलंच नाही?”

तिने झाकण उचललं. रिंग बोटांना चिकटली. तिला अजून स्वयंपाकघराचा वास होता.

“बाबा,” ती म्हणाली. भंगारवाला अंगठा पुसता पुसता थांबला. “मला माहीत होतं. तुमचा उजेड मीच अडवला. मला शनिवार हवे होते.”