मुकादमाची थाप

मित्रांनो, मी एक जुनं मतदान यंत्र आहे, आणि माझा राग अजून गेलेला नाही. यंत्राला कसला आलाय राग, असं म्हणू नका. आधी ऐका.

कारखान्यात मी तयार झालं तेव्हा मला वाटलं, आपण निवडणुकीला जाणार. पण माझ्या अंगावर 'सरावासाठी' अशी पट्टी चिकटवली गेली. माझ्यावरची मतं कोणी मोजणार नव्हतं. मतदान आता कागदावर शिक्का मारून नाही, तर बटण दाबून करायचं, हे लोकांना दाखवायचं एवढंच माझं काम. चिन्हंही सरावाचीच होती: छत्री, किल्ली, चाक आणि कंदील.

एका शाळेतल्या बाई मला घेऊन गल्लोगल्ली फिरायच्या. बटण दाबलं की शेजारी लाल दिवा लागायचा आणि मी 'पींऽऽ' करायचं. म्हातारी माणसं आधी दचकायची, मग खुदकन हसायची. मला कामाची गोडी लागली होती.

मग आम्ही एका शिलाई कारखान्यात गेलो. तिथले मालक स्वतःच निवडणुकीला उभे होते. मुकादमाने बायकांना रांगेत उभं केलं आणि बाईंच्या आधी स्वतःच सुरू झाला, "मालकांचं बटण वरून दुसरं. इथेही दुसरंच दाबा, म्हणजे सवय होईल. दुसऱ्या कशाला हात लावलात तर करंट बसेल! आणि कोणी काय दाबलं ते वर ऑफिसात दिसतं."

धडधडीत खोटं! माझ्या पोटात साधी बॅटरी होती. तिने मुंगीलाही झटका बसला नसता. आणि ऑफिसात जाणारी एकही तार मला नव्हती. माझं अंग रागाने जळत होतं, पण मला तोंड कुठे होतं?

काजं-बटणं करणाऱ्या मावशी पुढे आल्या. मुकादमाने त्यांचं बोट धरलं आणि दुसऱ्या बटणावर दाबलं. आणि मी, मी 'पींऽऽ' केलं! त्याच्या जबरदस्तीला माझाच आवाज. शरमेने मेल्यासारखं झालं मला.

"हात काढा," बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही फक्त दाखवायचं. बोलायचं काम आमचं."

"बरं. मग तुम्हीच कंदिलाचं बटण दाबा. करंट बसला की सगळ्यांची खात्री पटेल."

मुकादमाने हात खिशात घातले. "माझा हात दुखतोय."

मागून कोणीतरी म्हणालं, "मावशींचं बोट आवळताना बरा होता की!"

सगळ्या जणी फिसकन हसल्या. मावशींनी पदर खोचला. "बाई, मला पुन्हा दाबायचंय. यांना आधी पाठ करून उभं राहायला सांगा. मी नवऱ्याला सांगत नाही, तर यांना कशाला सांगू?"

बाईंनी टेबलावर माझ्याभोवती पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. मावशींनी त्यामागे जाऊन हवं ते बटण दाबलं. करंट नाही, काही नाही! मी जीव तोडून ओरडलं. मग रांगच लागली. मुकादमाचा चेहरा लालबुंद झाला. त्याने टेबलाला लाथ मारली. मी फरशीवर आपटलं, माझा कोपरा फुटला, दोन बटणं आत गेली.

बाईंनी तक्रार केली. साक्ष द्यायला मावशी स्वतः निवडणूक कचेरीत आल्या. "मला कामावरून काढलंय. आता कोणाला भ्यायचं? घ्या लिहून," त्या म्हणाल्या. कोणी काही लिहून घेतलं नाही. उलट यंत्र नीट सांभाळलं नाही, असा ठपका बाईंवर ठेवला आणि त्यांना या कामातून काढलं. मुकादमाला कोणी हाक मारून विचारलंसुद्धा नाही. मला कपाटात कोंबलं.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असं मी म्हणत नाही. आज घरी गेलात की आईला, आजीला विचारा, तुमचं बटण कोण ठरवतं? आणि कोणी त्यांचं बोट धरायला आला, मग तो मुकादम असो, काका असो की तुमचे वडील असोत, मोठ्याने म्हणा, "हात काढा!" तुम्हाला तोंड आहे.