बाजूचं अंथरूण

साखरबाईंना कुणी विचारो न विचारो, उत्तर तयार असायचं. वडगाव रासाईहून सुनेला शिरूरच्या डॉक्टरीणबाईंकडे आणलं होतं, तर सुनेनं तोंड उघडायच्या आत ह्यांचंच सुरू.

"आठ-आठ दिवस बाजूला बसती हो. मागल्या पाळीला तर धा दिवस. अंगात रक्त तरी ऱ्हाईल का?"

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा. मी सुलक्षणाला विचारते."

साखरबाई फणकाऱ्यानं उठल्या, तोच सुनेनं त्यांचा पदर धरला. "आत्याबाईंना राहू द्या. घरी मला परत सांगता यायचं न्हाई."

"बरं. पाळी किती दिवस असते?"

"चारच."

साखरबाईंनी चमकून पाहिलं. डॉक्टरीणबाई मात्र शांतपणे विचारत राहिल्या. "मग पुढचे दिवस? नवऱ्याजवळ जायला नको वाटतं? संबंधाच्या वेळी दुखतं का?"

"लई. आग व्हती. नंतर लघवीलाबी बसवत न्हाई."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून. दोन वर्षं."

"त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हणत्यात, सवय हुईल." सुलक्षणा टेबलाकडे बघत होती. "बाजूला अंथरूण असलं की कुणी खोलीत जा म्हणत न्हाई."

ते म्हणणारं 'कुणी' साखरबाईच होत्या. बाजूला बसणं संपलं की त्याच सुनेला डोक्यावरून न्हायला लावायच्या आणि रात्री खोलीकडे पिटाळायच्या. आतलं रडणं त्यांनी ऐकलं होतं. नव्यानव्याचं असतंच, म्हणून कूस बदलली होती. आता त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"यावर उपचार आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तपासणी तू हो म्हणशील तेव्हा. तोवर संबंध नकोत. पुढच्या वेळी नवऱ्याला आण."

परतीच्या एसटीतून उतरताना साखरबाईंनी विचारलं, "जयसिंगला मी सांगू का?" सुलक्षणानं मान हलवून हो म्हटलं.

संध्याकाळी जयसिंग शिक्रापूरच्या कंपनीतून आला. पडवीत बायकोचं अंथरूण बघून वैतागला. "अजून संपलं न्हाई व्हय?"

"कवाच संपलंय," साखरबाई म्हणाल्या. "ती तुला भिऊन हितं झोपती. आन् मी आई असून तिला रोज तुझ्याकडं ढकलली. उद्या रजा टाक. डॉक्टरीणबाईंनी बोलावलंय."

"मला कशाला?"

"तिनं सांगितलं तवा तू काय म्हणलास, ते तिथं तुझ्या तोंडानं सांग."

साखरबाईंनी आपली गोधडी उचलली आणि सुनेच्या अंथरुणाला लागून टाकली.