कापशीचे केस

साखरेने आधी त्र्यंबकरावांचे डोळे नेले, मग पक्षाघाताने उजवी बाजू. उरला तो डावा हात, आणि तो सदा कापशीच्या अंगावर असायचा. हूटगळ्ळीच्या घरात हॉलच्या खिडकीखाली त्यांची कॉट होती. कापशी कॉटला टेकून बसायची आणि तिच्या दाट, साईच्या रंगाच्या कुरळ्या केसांत त्यांची बोटं बुडालेली असायची.

कापशी लॅब्राडूडल होती, लॅब्राडोर आणि पूडलच्या संकराची. अशा कुत्र्यांचे केस फारसे गळत नाहीत, नुसते वाढत राहतात. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्र्यंबकरावांनी ती हौसेने आणली होती, आणि तिचे केस हा त्यांचा प्रांत होता. दर रविवारी अंगणात पाट टाकून ते ब्रश घेऊन बसत. पार्लरमध्ये न्यायची वेळ आली की स्वतः शेजारी उभे राहून सांगत, "अंगावरचे बोटभर ठेवा. तोंड गोल. शेपटीला कात्री लावायची नाही."

ते अंथरुणाला खिळले आणि ब्रश माळ्यावर गेला. बायकोला, अलकाला, उसंत नव्हती. त्यांची कूस बदलायची, अंग पुसायचं, इन्सुलिन टोचायचं, मऊ भात भरवायचा. दिवसा मदतीला वेदवती यायची, कृष्णराजनगरकडची थोराड बाई. मुलगी ईश्वरी बेंगळुरूला नोकरीत, जमेल त्या शनिवारी येई. कापशी जेवतेय, अंगणात जाऊन येतेय, एवढं पाहिलं की अलका पुढच्या कामाला लागायची.

एक दिवस चादर बदलताना वेदवती थांबली. "अम्मा, हा वास सरांचा नाही," ती तिच्या कन्नडमध्ये म्हणाली. "या कुत्रीचा आहे."

अलकाने कापशीच्या पुढच्या पायाखाली हात घातला. वरून मऊ दिसणाऱ्या केसांखाली नमद्यासारखा घट्ट थर झाला होता. बोट शिरत नव्हतं. कापशी आजवर कधी गुरगुरली नव्हती, ती गुरगुरली.

"हिला पार्लरमध्ये नेऊन आणते," अलकाने नवऱ्याला सांगितलं.

त्यांचे शब्द जड यायचे, पण कळायचे. "लहान करू नकोस. बोटभर."

"हो."

"शब्द दे."

"दिला हो."

नेहमीचं पार्लर बंद पडलं होतं. वेदवतीला कॉटपाशी बसवून अलका रिक्षाने सरस्वतीपुरमला गेली. तिथे दीपश्री नावाच्या मुलीने एका घराच्या तळमजल्यावर नवं पार्लर काढलं होतं. अलका फोनवर ईश्वरीशी बोलत होती ते ऐकून ती हसली.

"तुम्ही मराठी का काकू? आम्ही पण. आजोबांचं टेलरिंगचं दुकान होतं इथेच. आमचं मराठी म्हणजे असं, अर्धं कन्नडच, अल्वा?"

अलकाने तिला त्र्यंबकरावांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. दीपश्रीने कापशीला टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि तिचं हसू मावळलं.

"हे बोटभर कसं ठेवू काकू? सगळं कातड्यापर्यंत जाम झालंय."

"थोडं थोडं सोडवून बघ ना. वेळ लागू दे."

"बघते."

तिने औषधी पाणी मारलं, कंगवा घेतला, मांडीपासून सुरुवात केली. पहिली गाठ ओढली तशी कापशी किंचाळली. कुत्र्याचा असा आवाज अलकाने ऐकला नव्हता. दीपश्री घाबरून थांबली, मग पुन्हा लागली. कापशीने दोनदा तिच्या हाताला तोंड घातलं, पण चावली नाही; दातांत मनगट धरून थरथरत राहिली. एवढं करून तळहाताएवढी जागा मोकळी झाली होती, आणि तिथलं कातडं लालभडक झालं होतं.

"आता काखेत बघते," दीपश्री म्हणाली. तिने केस कापायच्या छोट्या मशीनने तिथला थर वर उचलला आणि एकदम मान वळवली. "अय्यो देवरे!"

जखम होती. ओली, खोल, आणि तिच्यात किडे वळवळत होते.

अलका भिंतीला टेकली. कापशी तिच्याकडे बघत होती. घरी रोज ती तशीच बघायची, आणि अलका औषधाच्या बाटल्या हातात घेऊन तिला ओलांडून जायची.

"काढून टाक सगळे," ती म्हणाली.

"अंकलना चालेल ना पण? तुम्ही म्हणालात..."

"काढ. डोक्यावरचे तेवढे ठेव. डोक्यावर ठेवता येतील?"

"डोकं आणि कान ठेवते. शेपटी पण बघते."

केस सुटे पडले नाहीत. मेंढीच्या कातड्यासारखा अख्खा एक तुकडा उतरला. खालून निघालेलं जनावर लहान होतं, गुलाबी, बरगड्या दिसणारं. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांनी जखम साफ करून औषध भरलं. परत येताना कापशी रिक्षात अलकाच्या मांडीवर डोकं ठेवून लगेच झोपली.

संध्याकाळी ती धावत कॉटपाशी गेली. त्र्यंबकरावांनी हात खाली सोडला. बोटं डोक्यावरच्या केसांत गेली आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"आलीस?" ते म्हणाले.

मग हात मानेवरून पाठीवर सरकला आणि थांबला. पुन्हा मागे गेला, पुन्हा पाठीवर आला.

"ही कोण?"

"कापशी आहे हो. काखेत जखम झाली होती, म्हणून केस काढावे लागले. येतील परत."

"कापशी कुठाय?"

"ही काय. तुमच्या हाताशी आहे."

त्यांनी हात झटकन वर घेतला. पार्लरच्या शाम्पूचा आणि औषधाचा वास येत होता. तिचा स्वतःचा वास कुठेच नव्हता. कापशीने त्यांची बोटं चाटली. त्यांनी तिचं तोंड ढकललं.

"मेली का ती? खरं सांग. मेली आणि तू दुसरी आणलीस."

अलकाने समजावलं. वेदवतीने समजावलं. शनिवारी आलेल्या ईश्वरीने त्यांचा हात धरून कापशीचे कान, नाक, पंजे सगळं लावून दाखवलं. ते ऐकून घेत आणि म्हणत, "मी आंधळा आहे, मूर्ख नाही." ईश्वरीने त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. अशा आजारात मेंदू एखादी समजूत धरून बसतो, ते म्हणाले, फार वाद घालू नका.

मग त्यांनी खाणं सोडलं. तोंडाशी चमचा नेला की ओठ मिटून घेत. आणि ते रडू लागले, आवाज न करता, एकाच डोळ्यातून जास्त पाणी येई. कापशी कॉटखाली बसून त्यांच्याकडे बघत असे. तिने कण्हून आवाज काढला की ते ओरडत, "गप्प करा त्या परक्या कुत्रीला!"

अलका त्यांचे डोळे पुसायची. सासू गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. अलकाचं पोटातलं पहिलं मूल गेलं तेव्हाही नाही. तेव्हा तो संध्याकाळच्या पाळीला गेला होता. ते आठवून तिला त्यांचा राग येई. आणि रागातच ती भात कालवून पुन्हा चमचा पुढे करी.

"तूच मारलंस तिला," एका दुपारी ते म्हणाले. "वेळ नव्हता तुला तिच्यासाठी."

अलकाने हातातलं भांडं खाली ठेवलं. अर्धं खरं होतं ते. उरलेल्या अर्ध्यासाठी भांडायचं बळ तिच्यात नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "गेली कापशी. जखम पिकली होती. पार्लरमध्येच गेली."

ते शांत झाले.

"कुठे पुरलीत?"

"मागे. शेवग्याखाली."

"खोल?"

"हो, खोल."

"मग इतके दिवस खोटं का बोललीस?"

"तुम्हाला सोसणार नाही वाटलं."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी ते वाटीभर भात जेवले. जेवण झाल्यावर म्हणाले, "ही नवी घरात नको. मला ती चालायची नाही."

अलकाने कापशीला मागच्या पडवीत बांधलं. पहिले काही दिवस आतून त्यांचा आवाज आला की ती साखळी ताणून उभी राहायची, दार खरवडायची. अलका बाहेर जाऊन दबक्या आवाजात दटावायची, "गप्प. गप्प बस." हळूहळू तिने खरवडणं सोडलं. जखम भरली. पाठीवर मखमलीसारखी लव आली. अलकाला एकदा वाटलं, आता आणून हात लावून पाहावा. पण मेलेली कुत्री परत कशी आणायची, हे तिला कळेना.

"आई, तू हो का म्हणालीस?" ईश्वरीने विचारलं.

"ते जेवत नव्हते."

"पण ती जिवंत आहे ना गं! बाबा अजून आहेत, आणि ती अशी बाहेर..."

"मला माहीत आहे ती जिवंत आहे. रोज मीच घालते तिला खायला."

थंडीत त्र्यंबकरावांच्या छातीत कफ भरला. ईश्वरी तीन दिवस राहिली. चौथ्या दिवशी सकाळी, वेदवती त्यांचे पाय पुसत असताना, ते गेले. शेवटी त्यांनी काही मागितलं नाही, कुणाचं नावही घेतलं नाही.

सगळं आटोपून माणसं पांगली. ईश्वरी आत फोनवर बोलत होती. अलका पडवीत गेली आणि तिने कापशीच्या गळ्यातली साखळी काढली. हॉलचं दार सताड उघडं केलं.

"चल," ती म्हणाली. "चल आत."

कापशी उंबऱ्यापर्यंत आली. फरशी धुतलेली होती, कॉट हलवलेली होती. तिने नाक पुढे करून हुंगलं, अलकाकडे पाहिलं, आणि मागे वळून होती त्या जागी जाऊन बसली. अलकाने बिस्किटं आणली, नावाने हाका मारल्या, शेवटी पट्टा धरून ओढलं. कापशीने चारही पाय फरशीला रोवले आणि मान खाली घातली.

अलकाने पट्टा सोडला.

"आई, आत ये ना, चहा ठेवलाय," ईश्वरी आतून म्हणाली.

"इथेच आण माझा," अलका म्हणाली, आणि पडवीच्या गार फरशीवर कापशीच्या शेजारी बसली. कापशी थोडी बाजूला सरकली. तिला जागा करून देण्यासाठी की तिचा हात लागू नये म्हणून, ते अलकाला कळलं नाही.